जिल्हा, तालुका, गाव: वेब फॉर्ममधले ड्रॉपडाऊन स्क्रिप्टने निवडायचे कसे

रबाळे, महापे, तुर्भे, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या पट्ट्यातल्या कुठल्याही छोट्या ऑफिसात जा, डिस्पॅच असो नाहीतर अकाउंट्स, एक तरी जण एका विंडोत एक्सेल आणि दुसऱ्या विंडोत कुठलंतरी पोर्टल उघडून बसलेला असतो. राज्य निवडा, जिल्हा निवडा, तालुक्यांची यादी येईपर्यंत थांबा, तालुका निवडा, गावांची यादी येईपर्यंत परत थांबा, मग पिनकोड, मग सेव्ह. नाव आणि मोबाइल नंबर कॉपी-पेस्ट होतो, वेळ जातो तो या ड्रॉपडाऊनमध्ये, आणि संध्याकाळी डोळे थकले की चुका पण तिथेच होतात, कल्याणच्या जागी मुरबाड जातं आणि पार्सल तिकडे जाईपर्यंत कोणाला कळत नाही.

हे काम स्क्रिप्टने, म्हणजे ब्राउजर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, होतं आणि चांगलं होतं. पण नेटवर जे दोन ओळींचे उत्तर मिळतात त्यात फक्त "ऑप्शन निवडा" एवढंच असतं. ऑप्शन निवडणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम दोन ठिकाणी आहे: यादी भरेपर्यंत नीट थांबणं, आणि निवडल्यावर जे पाहिजे तेच निवडलं गेलंय का हे वाचून बघणं. स्क्रिप्ट एरर देऊन थांबली तर काही बिघडत नाही, चुकीचा तालुका गुपचूप सेव्ह झाला तर तो निस्तरायला माणूस लागतो. म्हणून पुढे मी जास्त वेळ त्या दोन गोष्टींवरच घालवणार आहे.

कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय. पायथनमध्ये (स्क्रिप्ट लिहायची भाषा) टाइप करताना फंक्शनची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, "सिलेक्ट" आणि "वेबड्रायव्हर वेट" हे क्लास मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि जोडून, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

कुठलं टूल घ्यायचं

स्क्रिप्टमधून ब्राउजर चालवायला दोन नावं समोर येतात, सेलेनियम आणि प्लेराइट. सेलेनियम जुनं, 2004 मध्ये जेसन हगिन्सने थॉटवर्क्स कंपनीत असताना सुरू केलेलं, त्यामुळे त्याची माहिती, उदाहरणं, सोडवलेल्या अडचणी ढिगाने मिळतात. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, 2020 चं. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स आहेत, दोन्ही पायथनमधून चालतात. पूर्वी सेलेनियममध्ये क्रोम अपडेट झालं की ड्रायव्हर (स्क्रिप्ट आणि ब्राउजर जोडणारा प्रोग्राम) शोधत बसायला लागायचं, तो त्रास 4.6 व्हर्जनपासून गेला कारण आता सेलेनियम मॅनेजर स्वतःच बरोबर ड्रायव्हर आणतो. प्लेराइटमध्ये पिपने (पायथनच्या लायब्ररी उतरवणारी कमांड) लायब्ररी टाकल्यावर "प्लेराइट इन्स्टॉल" ही कमांड एकदा चालवायची, ती ब्राउजर उतरवून घेते.

आजच सुरुवात करणार असाल तर माझं मत प्लेराइट. कारण ड्रॉपडाऊनसाठी त्यात एक मोठी सोय आहे, त्याचं "सिलेक्ट ऑप्शन" हे फंक्शन तुम्ही सांगितलेला ऑप्शन यादीत येईपर्यंत स्वतःहून थांबतं (डिफॉल्ट 30 सेकंद). सेलेनियममध्ये हे थांबणं तुम्हाला लिहावं लागतं. पण ऑफिसात आधीपासून सेलेनियमच्या स्क्रिप्ट चालू असतील तर त्या फेकायची काही गरज नाही.

आधी ड्रॉपडाऊन खरा आहे का ते बघा

कोड लिहायच्या आधी त्या ड्रॉपडाऊनवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा. टॅगचं नाव "सिलेक्ट" असेल आणि त्याच्या पोटात "ऑप्शन" टॅग असतील तर तो ब्राउजरचा स्वतःचा ड्रॉपडाऊन, सरळ काम. तिथे "डिव्ह", "स्पॅन", "यूएल" असं काही दिसत असेल तर तो ड्रॉपडाऊनसारखा दिसणारा पण जावास्क्रिप्टने बनवलेला डबा आहे, त्याची रीत वेगळी, ती खाली सांगते. सेलेनियमचा "सिलेक्ट" क्लास डिव्हवर लावला तर "अनएक्स्पेक्टेड टॅग नेम" अशी एरर लगेच येते, म्हणजे हा फरक तुम्ही बघितला नाही तरी तो तुम्हाला अडवतोच.

कधी कधी दोन्ही असतं, वर सुंदर डबा आणि खाली लपवलेला खरा सिलेक्ट, सिलेक्ट-टू नावाच्या लायब्ररीत असंच असतं. अशा वेळी लपलेल्या सिलेक्टला हात न लावता जे माणसाला दिसतं त्यावरच काम करा.

यादी उतरवून घ्या आणि एक्सेलशी जुळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे त्यामुळेच अडकतात. पहिली स्क्रिप्ट काहीही निवडणारी नसावी, फक्त वाचणारी असावी. प्रत्येक ऑप्शनमध्ये दोन गोष्टी असतात, एक दिसणारा मजकूर आणि दुसरी व्हॅल्यू, जी सर्व्हरला जाते. दोन्ही एका फाइलमध्ये उतरवा. सेलेनियममध्ये सिलेक्ट ऑब्जेक्टच्या "ऑप्शन्स"वर लूप लावला की झालं, प्लेराइटमध्ये सिलेक्टच्या आतले ऑप्शन लोकेट करून प्रत्येकाचं "टेक्स्ट कंटेंट" आणि व्हॅल्यू अॅट्रिब्यूट घ्यायचं.

आता ही यादी आणि तुमची एक्सेल शेजारी शेजारी ठेवा. आपल्या भागात हे काम का महत्त्वाचं आहे ते बघा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. आज ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत: ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ. पण जुन्या ग्राहकांच्या फाइलमध्ये वसई, डहाणू, जव्हार हे सगळे अजून ठाण्याखाली पडलेले असतात, आणि स्क्रिप्ट ठाणे निवडून वसई शोधत बसते.

नवी मुंबईचं त्याहून अवघड. ग्राहक पत्त्यात नुसतं "नवी मुंबई" लिहितो. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर हे ठाणे जिल्हा, ठाणे तालुका. खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुका, जिल्हा रायगड, आणि महापालिका पण पनवेलची. बोलताना आपण सगळ्याला नवी मुंबईच म्हणतो त्यामुळे एक्सेल भरणाऱ्याची काही चूक नाही, पण स्क्रिप्टला जिल्हा एकच सांगावा लागतो. इथे पिनकोड कामाला येतो, 400703 वाशी, 400706 नेरूळ, 410210 खारघर. पिन 410 ने सुरू होत असेल तर तो पत्ता ठाणे जिल्ह्यात टाकायच्या आधी थांबून बघा.

त्यात जिल्ह्यांची नावं बदललीत. एका पोर्टलवर औरंगाबाद, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर, एकावर उस्मानाबाद, दुसऱ्यावर धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगरचं पण तेच. आणि स्पेलिंग तर विचारू नका, नेरुळ की नेरूळ, कोपर खैरणे तोडून की जोडून.

यावर एकच इलाज मला पटलेला आहे: एक्सेलमध्ये वेगळी शीट करा, डावीकडे "आपल्याकडे काय लिहिलंय" आणि उजवीकडे "पोर्टलवर काय आहे". जे जुळत नाही ते एकदा माणसाने बसून भरायचं. मिळतंजुळतं शोधणाऱ्या लायब्ररी असतात, त्या अंदाज सुचवायला वापरा, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका. गावांच्या बाबतीत तर मुळीच नको, एका अक्षराच्या फरकाने दुसरं गाव असतं.

मराठी मजकूर दिसायला सारखा, आतून वेगळा

पोर्टल मराठीत असेल तर ही अडचण येणारच. डोळ्यांना "कऱ्हाड" आणि "कऱ्हाड" अगदी एक दिसतं, पण स्क्रिप्ट म्हणते सापडत नाही. कारण "ऱ" हे युनिकोडमध्ये (कंप्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत) एकच अक्षर म्हणून टाइप होतं किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन भागांत पण होतं. काही जुने कीबोर्ड तर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून तेच रूप दाखवतात. शिवाय पोर्टलच्या यादीत नावाच्या मागेपुढे नॉन-ब्रेकिंग स्पेस (दिसायला साधी स्पेस, पण वेगळं अक्षर) अडकलेली असते.

म्हणून दोन्ही बाजूंचा मजकूर आधी धुऊन घ्या. पायथनच्या "युनिकोडडेटा" मॉड्यूलमधलं "नॉर्मलाइज", एनएफसी प्रकाराने, त्याने नुक्त्याचा प्रश्न सुटतो. मग "स्ट्रिप", त्याने मागचीपुढची स्पेस जाते, नॉन-ब्रेकिंग सुद्धा. जॉइनर मात्र यातल्या कशानेच जात नाही, तो "रिप्लेस"ने काढायचा, आणि जॉइनरवालं रूप "ऱ" वाल्या रूपाशी जुळवायचं असेल तर तो नियम पण तुम्हीच लिहायचा.

एक्सेल वाचताना आणखी एक. पांडाजने (एक्सेल वाचणारी पायथनची लायब्ररी) फाइल वाचत असाल तर सगळे कॉलम मजकूर म्हणून वाचायला सांगा, नाहीतर 027 सारख्या कोडमधलं पुढचं शून्य उडतं आणि पिनकोडच्या मागे दशांश चिन्ह येतं.

निवडायचं कशावरून

तीन रस्ते असतात: दिसणाऱ्या मजकुरावरून, व्हॅल्यूवरून, किंवा क्रमांकावरून. सेलेनियममध्ये "सिलेक्ट बाय व्हिजिबल टेक्स्ट", "सिलेक्ट बाय व्हॅल्यू", "सिलेक्ट बाय इंडेक्स". प्लेराइटमध्ये एकच "सिलेक्ट ऑप्शन", त्याला लेबल, व्हॅल्यू किंवा इंडेक्स असं नाव देऊन सांगायचं.

क्रमांक वापरू नका. मोजणी शून्यापासून होते, पहिल्या जागेवर बहुतेक वेळा "निवडा" असं लिहिलेलं असतं, आणि पोर्टलवाल्यांनी मध्ये एक नाव वाढवलं की खालचं सगळं सरकतं आणि एरर सुद्धा येत नाही, नुसता चुकीचा जिल्हा सेव्ह होत राहतो.

मजकूर वाचायला सोपा पण वर सांगितलेल्या न दिसणाऱ्या अक्षरांमुळे दगा देतो. व्हॅल्यू पक्की असते, पण 27 म्हणजे महाराष्ट्र हे एकवेळ जीएसटी नंबरमुळे ओळखता येईल, बाकी तालुक्यांचे कोड कोण लक्षात ठेवणार, आणि काही साइटवर हे कोड बदलतात पण. म्हणून मी दोन्हीची सांगड घालते: त्या क्षणी पानावर असलेले सगळे ऑप्शन वाचायचे, धुतलेला मजकूर आपल्या धुतलेल्या मजकुराशी जुळवायचा, बरोब्बर एकच ऑप्शन जुळला तर त्याची व्हॅल्यू उचलायची आणि त्या व्हॅल्यूने निवडायचं. शून्य जुळले किंवा दोन जुळले, तर ती ओळ बाजूला टाकायची, निवडायचं नाही.

प्लेराइटचं "कोडजेन" वापरून माउसने एकदा फॉर्म भरला की ते कोड लिहून देतं, सुरुवातीला याचा खूप उपयोग होतो, पण ते ड्रॉपडाऊनसाठी व्हॅल्यू लिहितं, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला कळत नाही कुठला तालुका आहे. तो भाग हाताने बदला.

थांबायचं कसं

जिल्हा निवडला की पान सर्व्हरकडे तालुके मागतं. सर्व्हर कधी पटकन देतो, कधी दुपारच्या गर्दीत चांगला वेळ लावतो. नवीन लोक इथे "टाइम स्लीप" (मध्ये अंडरस्कोर नाही, टिंब) लावतात, दोन सेकंद झोप. सर्व्हर मोकळा असला तर दर ओळीला दोन सेकंद फुकट गेले, सर्व्हर अडकला तर दोन सेकंद पुरले नाहीत. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

सेलेनियममध्ये "वेबड्रायव्हर वेट" वापरा, ते डिफॉल्टने दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतं आणि अट पूर्ण झाली की लगेच पुढे जातं. अट कुठली लिहायची हाच मुद्दा आहे. "यादीत एकापेक्षा जास्त ऑप्शन आले" ही अट पुरेशी नाही, कारण आधीच्या जिल्ह्याचे तालुके अजून तिथेच असतील. "मला पाहिजे तो तालुका यादीत आला" ही त्याहून चांगली अट.

पण ही सुद्धा एका ठिकाणी फसते, आणि महाराष्ट्रात ते ठिकाण नक्की येतं. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्ये पण आहे. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. समजा आधीची ओळ अहिल्यानगर-कर्जत होती आणि आताची रायगड-कर्जत. तुम्ही जिल्हा रायगड केला, यादी अजून जुनीच आहे, स्क्रिप्टला त्यात "कर्जत" दिसलं, तिने अहिल्यानगरच्या कर्जतचा कोड उचलला. प्लेराइट स्वतःहून थांबतं हे खरं, पण त्याला पण जुन्या यादीत कर्जत दिसलं तर ते थांबणार कशाला.

याचे दोन उपाय. एक, प्रत्येक ओळीसाठी फॉर्म नव्याने उघडा, म्हणजे तालुक्याची यादी रिकामी सुरू होते आणि जुनं काही उरतच नाही. थोडा वेळ जास्त जातो पण मी हाच वापरायला सांगेन. दुसरा, जिल्हा बदलायच्या आधी जुन्या यादीतला एक ऑप्शन पकडून ठेवा आणि तो पानावरून गायब होईपर्यंत थांबा, सेलेनियममध्ये त्या अटीचं नाव "स्टेलनेस ऑफ". तो गेला म्हणजे यादी खरंच बदलली.

काही जुन्या डॉट नेट फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की सगळं पानच परत लोड होतं. मग तुम्ही आधी शोधून ठेवलेला तालुक्याचा ड्रॉपडाऊन मेलेला असतो आणि "स्टेल एलिमेंट रेफरन्स" ही एरर येते. एलिमेंट (पानावरचा शोधलेला भाग) व्हेरिएबलमध्ये जपून ठेवू नका, प्रत्येक निवडीच्या आधी नव्याने शोधा. प्लेराइटचा लोकेटर (एलिमेंट कसा शोधायचा याचं वर्णन) हे आपोआप करतो.

जिल्हा निवडलाय, पानावर दिसतोय, पण तालुके येतच नाहीत, असं होत असेल तर बघा कोणी जावास्क्रिप्टने सरळ व्हॅल्यू तर बदललेली नाही ना. नुसती व्हॅल्यू बदलली तर "चेंज" इव्हेंट (निवड बदलली असा पानाला मिळणारा इशारा) सुटत नाही आणि तालुके आणणारा कोड जागा होत नाही. टूलची स्वतःची निवडायची फंक्शनं वापरली की इव्हेंट सुटतात.

निवडल्यावर वाचून बघा

सगळे ड्रॉपडाऊन भरले की सेव्हच्या आधी परत वाचा. सेलेनियममध्ये "फर्स्ट सिलेक्टेड ऑप्शन"चा मजकूर, प्लेराइटमध्ये "ऑप्शन चेक्ड" असा सीएसएस लोकेटर लावून त्याचा मजकूर. राज्य, जिल्हा, तालुका, गाव चारही परत वाचा, फक्त शेवटचं नाही, कारण काही फॉर्ममध्ये खालचं बदललं की वरचं "निवडा"वर परत जातं. एक जरी जुळलं नाही तरी सेव्ह दाबायचं नाही, ओळीपुढे "तपासा" लिहायचं आणि पुढच्या ओळीला जायचं.

डिव्हवाले ड्रॉपडाऊन

यात माणूस जे करतो तेच क्रमाने करायचं: डब्यावर क्लिक, यादी उघडेपर्यंत थांबणं, हव्या नावावर क्लिक, यादी बंद झाली का बघणं. उघडलेली यादी डब्याच्या आत नसते, बऱ्याचदा पानाच्या अगदी शेवटी जोडलेली असते, त्यामुळे डब्याच्या आत शोधाल तर सापडणार नाही. नीट बनवलेल्या साइटवर यादीतल्या नावांना "ऑप्शन" असा रोल दिलेला असतो, प्लेराइटमध्ये "गेट बाय रोल"ने ऑप्शन आणि नाव सांगून, "एक्झॅक्ट" चालू ठेवून शोधा. एक्झॅक्ट नसेल तर "पनवेल" शोधताना "नवीन पनवेल" पण सापडतं.

गावांची यादी मोठी असेल तर सगळी नावं एकदम पानावर नसतात, स्क्रोल केलं की तेवढीच येतात. अशा ठिकाणी शोधायची पट्टी असते, तिथे नाव टाइप करून यादी छोटी करून मग क्लिक करा. सरळ एंटर दाबू नका, वरचं पहिलं नाव निवडलं जातं, ते तुमचंच असेल असं नाही.

इन्स्पेक्ट करायला गेलं की यादी मिटते हा त्रास सगळ्यांना होतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग टॅबमध्ये "इम्युलेट अ फोकस्ड पेज" चालू करा, बहुतेक याद्या मग उघड्या राहतात.

आणि डोळ्यांना दिसतंय पण स्क्रिप्टला सापडत नाही असं झालं तर आधी आयफ्रेम (पानाच्या आत बसवलेलं दुसरं पान) बघा. फॉर्म आयफ्रेममध्ये असेल तर सेलेनियममध्ये "स्विच टू फ्रेम" (फ्रेमच्या आधी टिंब), प्लेराइटमध्ये "फ्रेम लोकेटर".

चालवताना

पोर्टल दुसऱ्याचं आहे, तर स्क्रिप्ट चालवायला परवानगी आहे का ते नियमांत वाचा, कळत नसेल तर त्यांना मेल करून विचारा, आणि मोठी फाइल एकत्र चढवायची सोय देतात का ते पण त्याच मेलमध्ये विचारा, असेल तर या सगळ्याची गरजच नाही. ओटीपी आणि कॅप्चा माणसासाठी आहेत, ते माणसानेच भरायचे. ब्राउजर उघडा ठेवून स्क्रिप्टला तिथे थांबवा, लॉगिन स्वतः करा, मग तिच्या हातात द्या. दोन ओळींमध्ये थोडी विश्रांती ठेवा, इथे मात्र "स्लीप" योग्य आहे, कारण ती सर्व्हरसाठी आहे.

पहिल्यांदा हेडलेस, म्हणजे ब्राउजर न दाखवता, चालवू नका. ब्राउजर समोर दिसू द्या, प्लेराइटमध्ये "स्लो मो" 500 मिलिसेकंद ठेवलं की प्रत्येक हालचाल डोळ्यांना दिसते. सेव्हचं बटण बंद ठेवून आधी मोजक्या ओळी चालवा, त्यात एक ठाणे शहर, एक खारघर, एक पालघर आणि एक कर्जत मुद्दाम घ्या. या चार बरोबर गेल्या तर बाकीचा बराच भाग बरोबर जातो.

प्रत्येक ओळ झाल्याझाल्या एक्सेलमध्ये किंवा वेगळ्या फाइलमध्ये "झालं" आणि पोर्टलने दिलेला नोंद क्रमांक लिहा, सगळ्यात शेवटी एकदम नको. मध्येच लाइट गेली, नेट गेलं, तर परत सुरू करताना "झालं" असलेल्या ओळी सोडून पुढे जायचं, नाहीतर एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी होतात. सेव्ह दाबलं आणि उत्तर यायच्या आत बंद पडलं अशी ओळ संशयित धरा, ती पोर्टलवर शोधून मगच पुढे. "तपासा" लिहिलेल्या ओळींचा स्क्रीनशॉट घेत असाल तर त्यात लोकांची नावं, पत्ते, नंबर असतात, ते ऑफिसच्या फोल्डरमध्येच ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, आणि काम मिटलं की पुसून टाका.

यादी उतरवणारी पहिली स्क्रिप्ट फेकू नका. दर महिन्याला ती परत चालवून जुन्या यादीशी ताडून बघा, कुठलं नाव वाढलं, कुठलं गेलं, कुठला कोड बदलला ते तिच्यात आधी दिसतं, आणि मग तेवढीच जुळवणीची शीट सुधारायची.